रिव्हर्स आक्का

बेळगावात खोली बघायला मी आले तेव्हा माझ्या हातात पत्र्याची ट्रंक होती आणि बोळातून एक जुनी जीप माझ्या अंगावर पाठमोरी येत होती. मी बाजूला झाले. तशी बाजू फारशी नव्हतीच. एका अंगाला दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला उघडं गटार. जीप माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. चालवणाऱ्या बाईंनी बाहेर डोकं काढलं आणि मला विचारलं,

"भिंत का गटार?"

मला वाटलं, कुठं पडायचं ते विचारतायत.

"अगं, मागचं चाक कशाजवळ आलंय? भिंतीजवळ का गटाराजवळ? तेवढंच सांग."

मी ट्रंक खाली ठेवून वाकून बघितलं आणि म्हणाले, "गटार." त्यांनी जीप भिंतीकडं घेतली. थोड्या वेळानं मी "भिंत" म्हणाले, त्यांनी ती गटाराकडं घेतली. असं करत आम्ही फाटकापर्यंत आलो. फाटकाच्या खांबाजवळ मात्र मी उशिरा बोलले आणि जीपचा मागचा दिवा फुटला. खोली गेली, असं मी मनात म्हटलं. निपाणीची शेवटची बस कधी आहे याचा विचारही सुरू केला. बाई उतरल्या. खांब बघितला, दिवा बघितला, मग मला बघितलं.

"उशिरा का हुईना, वरडलीस. काल एक पोरगी आलती, ती दिवा फुटल्यावरबी गप हुती. ट्रंक आत घे."

खोली अशी मिळाली.

त्यांना सगळा बोळ रिव्हर्स आक्का म्हणायचा. खरं नाव लाइटच्या बिलावर यायचं तेवढंच. मुलींच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर पी.टी. शिकवली होती. लग्न केलं नव्हतं. अंगात पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट आणि गळ्यात शिट्टी, असा त्यांचा बाराही महिन्यांचा वेश. मंगळसूत्राच्या जागी शिट्टी हाय, असं त्या स्वतःच सांगायच्या आणि समोरचा हसला नाही तर परत सांगायच्या. आमच्या भागात बायकाही 'मी येतो', 'मी जातो' असंच बोलतात. आक्का तसं बोलल्या की ते बोलणं त्यांना इतरांपेक्षा जास्त शोभायचं.

भाडेकरू मुलींना त्या गावाच्या नावानं हाक मारायच्या. मी निपाणी. शेजारच्या खोलीतली चंदगड. सकाळी नळाला पाणी आलं की अंगणातून शिट्टी व्हायची आणि पाठोपाठ, "चंदगड, बादली. निपाणी, तू अजून लोळतीस?" पहिल्या आठवड्यात मला त्याचा राग आला. नंतर लक्षात आलं, की आईनं शिकायला म्हणून मला गावाबाहेर पाठवलं तेव्हापासून मी झोपेतून उठले की नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आक्कांचा आणि माझा संबंध त्यातूनच जुळला. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिली. आई विड्या वळायची. आजही मला तंबाखूच्या वासानं घर आठवतं. बी.एस्सी. झाल्यावर उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला लागले. ओतीव भाग तपासायचे आणि सदोष निघाले तर सांगायचं. तपासणं मला जमायचं, सांगणं जमायचं नाही. माझा आवाज यंत्रांच्या आवाजात विरून जायचा. सुपरवायझर कानामागं हात धरून "काय?" म्हणायचे आणि मी आणखी हळू बोलायचे. आक्कांना हे एकदा जेवताना सांगितलं. त्यांनी हातातली आंबिलीची वाटी खाली ठेवली आणि मला अंगणाच्या टोकाला नेऊन उभं केलं.

"माझं नाव घेऊन हाक मार. पोटातनं. गळ्यातनं नको."

मी "आक्का" म्हणाले.

"ते काय नाव हाय व्हय? अर्धा बोळ आक्का हाय."

पण त्यांचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारायला माझी जीभ उचलली नाही. बिलावर वाचलेलं नाव मोठ्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं? त्या म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, येईल कवातरी. आणि आंबील प्यायल्या.

जीप त्यांनी निवृत्त झाल्यावर एका लिलावात घेतली होती. ती बोळात शिरायची उलटी आणि अंगणात वळवून बाहेर पडायचीही उलटीच. रविवारी सकाळी आक्का शाळेच्या रिकाम्या मैदानावर जीप नेऊन तासभर नुसत्या मागं मागं चालवायच्या. विटा मांडून त्यांच्यामधून, चुन्याच्या रेषेवरून, उतारावरून वर. बघायला मुलं जमायची. कुणी म्हातारा थांबून विचारायचा, बाई, गाडीचे पुढचे गिअर गेलेत काय? आक्का म्हणायच्या, "नाकासमोर तर बैलबी जातोय. त्यात शिकायचं काय?"

हे त्यांचं आवडतं वाक्य. चंदगडनं प्रेमात पडून नोकरी सोडायचं काढलं तेव्हाही त्यांनी तिला हेच ऐकवलं होतं. त्याचा तिथं काय संबंध, हे आम्हा दोघींनाही कळलं नाही, पण चंदगडनं नोकरी सोडली नाही.

मला गाडी शिकवायची हे त्यांनी परस्पर ठरवलं. पहिला महिनाभर मला पुढचा गिअर टाकूच दिला नाही. लायसन्सच्या परीक्षेला मी गेले तेव्हा साहेबांनी आठ काढायला सांगितला. पुढं जाताना जीप दोनदा बंद पडली. साहेब कंटाळून म्हणाले, जाऊ द्या, रिव्हर्स दाखवा. मी रिव्हर्समध्ये तोच आठ एका दमात काढून दाखवला, खुंट्यांना धक्का न लावता. मग साहेबांनी विचारलं, "आप्पा, अण्णा कुणी ट्रकवर आहेत काय घरात?" मी म्हणाले, "नाही, घरमालकीण आहे." मला पास केलं, पण पुढं चालवायचीही सवय करा, असं बजावून.

हे सगळं कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी आम्ही गच्चीवर सांडगे काढत होतो, तेव्हा आक्कांनी सांगितलं.

त्यांचा जन्म खाणीवरचा. गुंजीच्या पलीकडं रानात मँगनीजची एक खाण होती. आता बंद पडून जमाना झाला. वर डोंगरात खाण आणि कामगारांची वस्ती, खाली सपाट माळ, आणि दोहोंच्या मधे एक अरुंद घळ. पाण्यानं कापलेली, मग सुरुंग लावून ट्रकपुरती रुंद केलेली. एका बाजूला उभा खडक, दुसऱ्या बाजूला खोल खड्डा. वर ट्रक वळवायला जागा नव्हती. दगड ज्या पन्हाळीतून ट्रकमध्ये पडायचा, तिच्याखाली ट्रकचं मागचं तोंड यावं लागे. म्हणून ट्रक खाली माळावरच वळवायचे आणि सगळी घळ उलट्या चालीनं चढायचे. भरून झालं की सरळ उतरायचे.

ट्रकवाल्याला मागचं काही दिसत नसे. त्याच्यासाठी बायका होत्या. एकेका ट्रकमागं एकेक बाई. ती ट्रककडं तोंड करून, स्वतः पाठमोरी चढ चढत जायची आणि हाळी द्यायची. ट्रकवाले बहुतेक कानडी मुलखातले, बायका खानापूरकडच्या मराठी. त्यामुळं हाळी मिसळीची झाली होती. बा म्हणजे ये. निल्लु म्हणजे थांब. चाक दगडाजवळ आलं की कल्लु, खड्ड्याजवळ आलं की खड्डा. एवढ्या चार शब्दांवर सगळी खाण चालली. डावं-उजवं कुणी म्हणायचं नाही, कारण समोरासमोर तोंडं असली की एकीचं डावं ते दुसऱ्याचं उजवं होतं.

आक्कांची आई अशी हाळी देणारी होती.

"आणि वर गेलं की मुकादम विचारायचा, कुणाची गाडी? तर नाव ट्रकवाल्याचं न्हाय सांगायचं. हाळीवालीचं सांगायचं. अमकीची गाडी. अमकीनं गाडी वर आणली. तशी रीतच हुती."

आक्का तेव्हा लहान होत्या. त्यांना ट्रकचं चाक हवं होतं, हातात धरायचं, स्टिअरिंगचं. मोठी झाल्यावर मी ह्या घळीतनं गाडी चालवत वर नेणार, असं त्यांनी सगळ्या ट्रकवाल्यांना सांगितलं होतं. ट्रकवाले हसले. एकानं त्यांना सीटवर बसवलं, पाय पेडलपर्यंत पोहोचत नाहीत हे सगळ्यांना दाखवलं, आणि म्हणाला, बायकांनी हाळी द्यायची पोरी, गाडी आम्ही चालवायची. आक्का रडत आईकडं गेल्या. आई म्हणाली, त्या चाकाचं काय घेऊन बसलीस, ते चाक माझ्या तोंडावर फिरतंय.

"मला वाटलं, समजूत घालतीया," आक्का म्हणाल्या. सांडग्याचं पीठ त्यांच्या बोटांवर वाळून गेलं होतं. "आपल्याला समजूत न्हाय पायजे. मला चाक पायजे."

खाण बंद पडली, माणसं पांगली, ट्रकवाले कुठं गेले कुणाला माहीत नाही. पण आक्कांनी आपला शब्द सोडला नव्हता. घळ रिव्हर्समध्ये, स्वतःच्या हातानं, तळापासून पन्हाळीपर्यंत. एकदाच. शाळेतली सगळी नोकरी त्यांनी हे मनात ठेवून केली असणार.

दोनदा त्या जाऊन आल्या होत्या. पहिल्या खेपेला हाळी द्यायला भाचा होता. हा त्यांच्या भावाचा मुलगा, पुण्याला असतो. तो एका हातानं "या, या" करत दुसऱ्या हातानं मोबाइलवर शूटिंग करत होता. पहिल्याच वळणावर जीप खडकाला घासली. दुसऱ्या खेपेला गॅरेजवाला मिस्त्री नेला. त्याला सगळ्या गाड्यांना "आने दो, आने दो" म्हणायची सवय. दुसऱ्या वळणावर मागचं चाक अर्धं हवेत गेलं तरी तो "आने दो"च म्हणत होता. आक्का उतरून त्याला काय बोलल्या, ते मिस्त्रीनं आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणजे मला खोली देताना फाटकाजवळ घेतली ती परीक्षा कशाची होती, ते मला गच्चीवर समजलं.

त्यानंतर मानेचं दुखणं सुरू झालं. आक्कांच्या मानेचे मणके झिजले. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. आक्कांनी पट्टा घातला आणि गाडी चालवणं चालू ठेवलं. मान वळत नव्हती तर त्या कमरेतून वळायला लागल्या. तेही दुखायला लागलं तेव्हा त्यांनी कपाटाच्या दाराचा आरसा काढून जीपच्या आत बांधला. आरशात अर्धा बोळ आणि अर्ध्या आक्का दिसायच्या. त्याच सुमाराला जीपचं पासिंग संपत आलं. एवढी जुनी गाडी परत पास होणार नाही असं कळलं. भाच्याचा फोन आला. आत्या, आता पुरे, मे महिन्यात मी येतो आणि ती भंगारात देऊन टाकतो. आक्कांनी फोन ठेवला आणि मला विचारलं,

"निपाणी, ह्या रविवारी तुला सुट्टी हाय?"

मी म्हणाले, आहे. खरं तर मला गावी जायचं होतं. पण आक्का पट्ट्यामुळं सगळं अंग वळवून माझ्याकडं बघत होत्या, आणि असं बघणाऱ्या माणसाला नाही म्हणणं मला येत नाही.

रविवारी उजाडताना निघालो. खानापूर मागं पडलं. गुंजीचं रेल्वे फाटक ओलांडून पुढं गेल्यावर डांबर संपलं. वाटेत वनखात्याचा नाका लागला. तिथल्या गार्डचे वडील त्याच खाणीवर होते. त्यानं लाकडी दांडा वर केला आणि कानडीत म्हणाला, आक्का, दुसऱ्या वळणापर्यंत जावा आणि परत फिरा. आक्का कानडीतच म्हणाल्या, फिरायला जागा असती तर उलटी कशाला गेले असते? तो हसला. जीप पुढं गेल्यावर मात्र तो बराच वेळ दांडा धरून उभा राहिलेला मला दिसला.

घळ बघेपर्यंत मला वाटत होतं, रानात आहे म्हणजे हिरवीगार असेल. भोवतीचं रान हिरवं होतं. पण घळीत काही उगवलेलं नव्हतं. काळ्या दगडाचा चुरा, लाल माती, खाणीतून टाकलेल्या राबिटाचे, म्हणजे टाकाऊ दगडमातीचे, उतार, आणि सकाळीच तापायला लागलेला खडक. झाडाची सावली नाही, पाखराचा आवाज नाही. रानाच्या मधोमध कुणीतरी वाळवंटाचा एक तुकडा कापून बसवावा तसं. उजेड दोन्ही बाजूंनी डोळ्यांत येत होता.

आक्कांनी माळावर जीप वळवली. घळीकडं पाठ केली. पट्टा घट्ट केला, आरसा पुसला आणि मला खाली उतरवलं.

"म्हायती हाय ना? बा, निल्लु, कल्लु, खड्डा. घाबरायचं न्हाय. घाबरलीस तरी वरडायचं."

पहिलं वळण निघालं. मी पाठमोरी चढत होते, जीपची मागची चाकं बघत होते आणि हाळी देत होते. दुसरंही निघालं. तिथं मिस्त्रीच्या वेळचा चाकाचा ओरखडा कडेला अजून होता. तिसऱ्या वळणाला चढ एकदम उभा झाला आणि रस्ता चिंचोळा. माझ्या टाचेखालून खडे सुटून खड्ड्यात गेले. ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत मध्ये बराच वेळ गेला, आणि त्या वेळात माझा आवाज गेला. मी कल्लु म्हणत होते, पण ते मलाच ऐकू येत नव्हतं. आक्का ओरडल्या, "काय?" अगदी सुपरवायझरसारखं. मी आणखी हळू बोलले.

त्यांनी जीप थांबवली. गळ्यातली शिट्टी काढून मला दिली. एक फुंकलं की कल्लु, दोनदा फुंकलं की खड्डा. पी.टी.च्या बाईंना हा उपाय सुचणं साहजिकच होतं. मी एकदा फुंकलं. घळीनं ते परत पाठवलं. एका शिट्टीच्या दोन झाल्या. आक्कांनी ती खड्ड्याची खूण समजून जीप खडकाकडं घेतली. खडकावर मागचा कोपरा आदळला, जीप उसळली, आणि पुढचं चाक कडेवर गेलं. निम्मं टायर बाहेर. मी शिट्टी टाकून "निल्लु" म्हणून किंचाळले. ते मात्र पोटातून आलं.

इंजिन बंद झालं. मी धावत जाऊन चारी चाकांना दगड लावले. आक्का चाकावर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसल्या होत्या. समोर म्हणजे खाली. तिथून पूर्ण घळ दिसत होती, आणि तिच्या तळाशी सकाळी आम्ही जिथून निघालो तो माळ. कपाटाचा आरसा तडकला होता.

मी म्हणाले, "आक्का, परत जाऊया. कमी चढलो नाही."

कमरेतून वळून मागं बघायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. निम्म्यापर्यंत वळल्या आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून ओठ आवळले. मग परत समोर वळल्या. मी त्यांच्या दाराशी उभी होते. वरचं वळण इतकं जवळ होतं, की पन्हाळीचा गंजलेला कोपरा डोक्यावर दिसत होता. मला रडू यायला लागलं, कारण हे माझ्या आवाजामुळं झालं होतं, आणि पुढच्या महिन्यात ही जीप भंगारात जाणार होती.

"रडू नको," आक्का म्हणाल्या. "हिशेब सोपा हाय. मला मान वळवायला येत न्हाय. तुला हाळी द्यायला येत न्हाय. तुला गाडी चालवायला येतीया." इथं त्या थांबल्या. "आणि मला हाळी द्यायला येतीया."

मला कळायला एक क्षण लागला. मी म्हणाले, "पण आक्का, चाक तुम्हाला..."

"सरक आत."

त्या उतरल्या. उतरताना त्यांचा हात चाकावर राहिला, मग निघाला. मी त्यांच्या जागी बसले. सीट त्यांच्या अंगानं गरम झालेली होती. त्यांनी जमिनीवरची शिट्टी उचलली, तिच्यावरची माती पुसली आणि जीपच्या आरशाला टांगली.

"मला बघायचं. खड्ड्याकडं बघायचं न्हाय, चाकाकडंबी न्हाय. माझ्या तोंडाकडं बघ."

मी मागं वळून बघितलं. पांढऱ्या बुटातल्या, गळ्यात पट्टा घातलेल्या आक्का चढाकडं पाठ आणि माझ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मान वळत नव्हती, म्हणून त्यांना मागचा रस्ता बघताच येत नव्हता. जो रस्ता त्या चढणार होत्या तो त्यांनी लहानपणानंतर पायाखाली घेतलेला नव्हता. त्यांनी टाच मागं टाकून जमीन चाचपली आणि हात वर केला.

"बाऽऽ."

हा पी.टी.च्या बाईंचा आवाज नव्हता. अंगणातला नव्हता, मैदानावरचा नव्हता. खोल, लांब, मधेच किंचित वर चढणारा. घळीनं तोही परत पाठवला, पण तो शब्द होता, त्यामुळं दोनदा ऐकू आला तरी अर्थ एकच राहिला. मी क्लच सोडला. कडेवरचं चाक फिरलं, खडे उडाले, आणि चाक आत आलं.

"बाऽऽ... बाऽऽ... कल्लु. कल्लु. हां. बाऽऽ."

दुसऱ्या कुणाच्याही हाळीवर मी तिथून वर गेले नसते. मला रस्ता दिसत नव्हता. तापलेल्या उजेडात मला फक्त त्यांचं तोंड दिसत होतं, आणि ते तोंड माझ्यापासून हळूहळू वर सरकत होतं. एकदा त्यांचा पाय घसरला. त्या गुडघ्यावर आल्या, तेव्हाही तोंडातला बा तुटला नाही, नुसता थरथरला. मी ब्रेकवर पाय नेला. त्यांनी गुडघ्यावरूनच हातानं खुणावलं, येऊ दे. मी येऊ दिलं. त्या उठल्या.

"खड्डा... खड्डा... बाऽऽ... निल्लु."

मी थांबले. इंजिन बंद केलं आणि हात चाकावरून निघेनात, म्हणून तसेच ठेवले. जीपचं मागचं तोंड बरोबर पन्हाळीच्या खाली होतं.

वर काही नव्हतं. वस्तीच्या पडलेल्या भिंती, गंजलेली पन्हाळ, काळ्या चुऱ्याचा ढीग आणि वारा. आक्कांनी यातलं काही बघितलं नाही. गुडघ्याला खरचटलं होतं, तिथली माती त्यांनी झटकली. श्वास जागेवर आल्यावर त्या पन्हाळीजवळच्या एका दगडी ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मुकादम तिथंच उभा राहत असणार. तिथून त्यांनी भारदस्त पुरुषी आवाज काढून मला विचारलं,

"कुणाची गाडी?"

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. गाडी मी चालवली होती. तरी या प्रश्नाचं उत्तर गच्चीवर सांडगे काढताना मला मिळालेलं होतं.

"आक्काची," मी म्हणाले.

"मुकादमाला नाव लागतंय. अर्धी खाण आक्का हाय."

त्या ओट्यावर ताठ उभ्या होत्या. पट्ट्यामुळं त्यांना तसंच उभं राहावं लागायचं, पण त्या वेळी ते पट्ट्यामुळं नव्हतं. मी जीपमधून उतरले, घळीकडं तोंड केलं, आणि पोटातून, मोठ्यानं त्यांचं नाव घेतलं. आईनं ठेवलेलं, पुढं वडिलांचं, मग आडनाव. लाइटच्या बिलावर असतं तसं सगळं. घळीनं ते खालपर्यंत नेलं आणि परत आणून दिलं. आक्का ते ऐकत राहिल्या. नाव घळीतून पूर्ण विरेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

ते नाव मी इथं लिहीत नाही. जिथं घ्यायचं होतं तिथं मी ते घेतलं आहे.

मग आक्का ओट्यावरून उतरल्या, डाव्या बाजूच्या सीटवर येऊन बसल्या आणि आरशाला टांगलेली शिट्टी परत गळ्यात घातली.

"चल," त्या म्हणाल्या. "आता नाकासमोर जायाचं. त्यात काय न्हाय."